ओळंबा आणि छेद

2011 साली फ्रँक अकोस्टा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूरोसर्जरीच्या एका अमेरिकन नियतकालिकात 36 रुग्णांचा हिशेब मांडला. सगळ्यांचे कमरेचे मणके वयोमानाने झिजलेले होते, काहींचा कणा एका बाजूला कललेलाही होता. शस्त्रक्रिया तेव्हा नव्या असलेल्या पद्धतीने झाली होती. पाठ उघडायची नाही. कुशीत लहानसा छेद घेऊन दोन मणक्यांच्या मधली झिजलेली गादी काढायची आणि तिच्या जागी पोकळ ठोकळा बसवायचा, असे तिचे स्वरूप होते. समोरून काढलेल्या एक्स-रेत निकाल देखणा दिसत होता, कलंडलेले मणके बऱ्यापैकी सरळ रेषेत आले होते. बाजूने काढलेला एक्स-रे मात्र वेगळेच सांगत होता. ठोकळा बसवलेल्या सांध्यापुरता किंचित फरक पडला होता, पण कमरेचा एकंदर बाक आणि माणसाचा पुढे झुकलेला तोल जवळपास होता तसाच राहिला होता. निबंध आकाराने छोटा आहे आणि या क्षेत्राबाहेर तो फारसा कोणी वाचला नसेल. तरीही कमरेच्या झिजलेल्या, वाकलेल्या कण्यावर लहान छेदातून उपचार करण्याचा इतिहास समजून घ्यायचा तर तिथूनच सुरुवात करावी लागते. एरवी हा इतिहास फार सरळसोट सांगितला जातो: आधी मोठा छेद होता, मग सूक्ष्मदर्शक आला, मग नळी, मग दुर्बीण, आणि छेद लहान लहान होत गेला. रुग्णालयांच्या जाहिरातींना ही गोष्ट सोयीची आहे. माझे म्हणणे असे की वाकलेल्या म्हाताऱ्या कण्याच्या बाबतीत तरी खरी प्रगती छेदाच्या लांबीत झाली नाही. ती कणा मोजण्याच्या रीतीत झाली, आणि जोवर मोजमाप मागे होते तोवर लहान छेदाने एक जुनीच चूक अधिक सुबकपणे केली.

ती जुनी चूक समजण्यासाठी शंभर वर्षे मागे जायला हवे. कण्याच्या शस्त्रक्रियेचा जन्म म्हाताऱ्यांच्या कंबरदुखीतून झालेला नाही. तो क्षयातून झाला. मणक्यांचा क्षय झालेल्या मुलांना पोक येई, आणि त्यावर महिनोन् महिने प्लास्टरमध्ये पडून राहण्यापलीकडे फारसा इलाज नव्हता. 1911 साली न्यूयॉर्कमध्ये रसेल हिब्ज आणि फ्रेड अल्बी या दोघांनी स्वतंत्रपणे मणके एकमेकांना जोडून टाकण्याची शस्त्रक्रिया सुरू केली. हिब्ज मणक्यांच्या मागच्या हाडाचेच कपचे उचलून शेजारच्या मणक्यावर टाकत, अल्बी नडगीच्या हाडाचा तुकडा वापरत. पुढे हीच जोडणी वाकड्या कण्याच्या मुलांसाठी वापरली जाऊ लागली, आणि मग बाक किती हे मोजण्याची गरज पडली. ती रीत न्यूयॉर्कच्याच जॉन कॉब यांनी 1948 साली रूढ केली. समोरून काढलेल्या एक्स-रेवर, बाकाच्या वरच्या आणि खालच्या टोकाच्या सर्वांत कललेल्या मणक्यांवरून रेषा काढायच्या आणि त्यांच्यामधला कोन मोजायचा. आजही जगभर हाच कोन वापरतात. तो सोपा आहे, दोन डॉक्टरांनी मोजला तर फारशी तफावत येत नाही, आणि मुलांच्या आजारात तो बराचसा पुरतोही. पण कुठलेही सोपे मोजमाप हातात आले की माणूस त्यात मावते तेवढेच पाहू लागतो. पुढची तीस वर्षे वाकडा कणा म्हणजे समोरून वाकडा दिसणारा कणा हे इतके गृहीत धरले गेले की बाजूने पाहायचे राहूनच गेले.

ह्यूस्टनचे पॉल हॅरिंग्टन यांच्या सळीने त्याची किंमत दाखवून दिली. पोलिओच्या साथींनंतर कणा कोसळलेली मुले त्यांच्याकडे येत. त्यांना प्लास्टरने सरळ ठेवणे शक्य नव्हते, कारण त्यांचे श्वासाचे स्नायूही दुबळे झालेले असत. हॅरिंग्टन यांनी पोलादाची सळी आणि आकडे तयार केले. आकडे बाकाच्या दोन्ही टोकांना अडकवायचे आणि सळीवरून त्यांना एकमेकांपासून दूर सारायचे, म्हणजे कणा ताणला जाऊन सरळ होतो. 1962 साली त्यांचा सविस्तर निबंध आला आणि ती सळी जगभर पोहोचली. हजारो मुलांचे आयुष्य तिने सुधारले, याबद्दल वाद नाही. पण कणा ताणून सरळ करायचा म्हटले की तो दोन्ही दिशांनी सरळ होतो. समोरून दिसणारा बाक हा आजार असतो. बाजूने दिसणारा कमरेचा आतला बाक मात्र निसर्गाने दिलेला असतो, त्याच्याच आधारावर माणूस दोन पायांवर ताठ उभा राहतो. सळी कमरेच्या खालपर्यंत नेलेल्या रुग्णांमध्ये तो आतला बाकही सपाट झाला. काही वर्षांनी हे रुग्ण परत येऊ लागले, पुढे झुकलेले, गुडघे वाकवल्याशिवाय समोर पाहता न येणारे. सत्तरच्या दशकात या अवस्थेची वैद्यकीय नियतकालिकांत नोंद होऊ लागली आणि तिला सपाट पाठीचा विकार म्हटले जाऊ लागले. वैद्यकाने स्वतःच्या हाताने घडवलेला हा आजार. आणि समोरचा एक्स-रे पाहावा तर शस्त्रक्रिया यशस्वी!

आता म्हातारपणाच्या झिजेकडे वळू. तिथे नेमके हेच निसर्ग करतो, सळीशिवाय. कमरेच्या एकूण आतल्या बाकापैकी सुमारे दोन तृतीयांश भाग सर्वांत खालच्या दोन सांध्यांत, म्हणजे चौथ्या मणक्यापासून माकडहाडाच्या वरच्या त्रिकास्थीपर्यंत असतो. गाद्या झिजतात, त्यांची पुढची उंची कमी होते, आणि हाच भाग सर्वांत जास्त सोसतो. एका बाजूची गादी दुसऱ्या बाजूपेक्षा जास्त झिजली तर मणका कलतो, वरचा मणका खालच्यावरून घसरतो, नसा दबतात. लोक त्याला मणक्यात गॅप पडला म्हणतात. दवाखान्यातही तोच शब्द चालतो. पण चिमटलेल्या नसेपलीकडे आणखी एक गोष्ट घडत असते. माणूस पुढे झुकू लागतो आणि शरीर ते झाकण्यासाठी धडपडते. ओटीपोटाची हाडे मागे वळतात, मांड्या ताणल्या जातात, शेवटी गुडघे वाकतात. पॅरिसच्या झाँ द्युबुसे यांनी हा हिशेब फार नेमका मांडला. उभ्या माणसाचे शरीर पायांपासून वर रुंदावणाऱ्या एका अरुंद शंकूच्या आत असते, आणि त्याच्या मध्याजवळ असेतो उभे राहायला फारशी ताकद लागत नाही. शंकूच्या काठाकडे गेले की नुसते उभे राहणे हेच कष्टाचे काम होते. भाजी चिरायला ओट्याशी उभ्या राहिलेल्या बाईला पाच मिनिटांत ओट्यावर कोपरे टेकावी लागतात, ती याच कष्टाने. एमआरआयच्या नळीत झोपवून काढलेल्या चित्रात हे काहीच दिसत नाही. झोपलेल्या माणसाला तोल सांभाळावा लागत नसतो.

तोल मोजण्यासाठी जे साधन वापरले गेले ते गवंड्याचेच आहे. मानेच्या सातव्या मणक्याच्या मध्यापासून ओळंबा सोडायचा. तो त्रिकास्थीच्या मागच्या वरच्या कोपऱ्याच्या किती पुढे पडतो ते सेंटिमीटरमध्ये मोजायचे. एक्स-रे मात्र उभ्याने आणि मानेपासून मांड्यांपर्यंत एकाच लांब फिल्मवर काढायला हवा. एवढ्या साध्या गोष्टीला पुरावा मिळायला 2005 साल उजाडले. स्टीव्हन ग्लासमन आणि सहकाऱ्यांनी 752 प्रौढ रुग्णांची माहिती तपासली. त्यांपैकी 352 जणांचा ओळंबा पुढे पडत होता. त्यांच्यात ओळंबा जितका पुढे तितकी माणसाची दुखणी जास्त आणि रोजचे जगणे अवघड, असा चढता आलेख मिळाला. कॉबच्या कोनाचा प्रौढांच्या वेदनेशी एवढा थेट संबंध कधी सापडला नव्हता. दुसरा धागा फ्रान्समधून आला. जिनेट द्युव्हाल-बोपेर यांनी गॅमा किरणांनी शरीराच्या निरनिराळ्या भागांचे वस्तुमान मोजत, ओटीपोटाच्या हाडांची ठेवण सांगणारा एक कोन 1992 साली मांडला. वाढ पूर्ण झाल्यावर तो आयुष्यभर बदलत नाही. कोणाचा 35 अंश, कोणाचा 75. सरासरी पन्नासच्या आसपास. महत्त्वाचे हे की या कोनावरून त्या माणसाच्या कमरेला किती आतला बाक हवा याचा अंदाज बांधता येतो. मग सर्वांसाठी एकच सरळ कणा ही कल्पनाच बाद झाली. 2012 साली फ्रँक श्वाब आणि सहकाऱ्यांनी हे सारे एका वर्गीकरणात बसवले: ओटीपोटाचा कोन आणि कमरेचा बाक यांतली तफावत 10 अंशांच्या आत असावी, ओळंबा 4 सेंटिमीटरच्या आत, ओटीपोटाचे मागे वळणे 20 अंशांच्या आत. अकोस्टांचा निबंध याच्या एक वर्ष आधीचा आहे हे ध्यानात ठेवावे.

लहान छेदाची परंपरा या सगळ्यापासून दूर, वेगळ्याच माणसांच्या हातात वाढत होती. तिचा विषय कणा नव्हता, एक गादी होती. 1934 साली बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार यांनी दाखवून दिले की पायात उतरणारी कळ बऱ्याचदा सरकलेल्या गादीने नस दाबल्यामुळे येते. तेव्हापासून तो तुकडा काढणे हे न्यूरोसर्जनचे नित्याचे काम झाले. 1977 साली झुरिकचे याशारगिल आणि जर्मनीचे कास्पार यांनी स्वतंत्रपणे सूक्ष्मदर्शकाखाली ते काम करून दाखवले. जपानमध्ये हिजिकाता, फिलाडेल्फियात कांबिन यांनी सत्तरच्या दशकातच त्वचेतून बारीक नळी घालून गादीपर्यंत पोहोचायला सुरुवात केली होती. दरम्यान आणखी एक जाणीव पक्की होत होती: पाठ उघडताना जे सर्वाधिक बिघडते ते हाड नसते, स्नायू असतो. कॅलिफोर्नियाच्या लिऑन विल्ट्सी यांनी 1968 सालीच स्नायू हाडापासून खरवडण्याऐवजी त्याच्या तंतूंमधल्या फटीतून आत जाण्याची वाट सांगितली होती. 1993 साली फिनलंडमधल्या सिहव्होनेन यांच्या अभ्यासात, शस्त्रक्रियेनंतरही दुखत राहिलेल्या पाठींमध्ये कण्याशेजारचे स्नायू नस तुटल्यासारखे सुकलेले आढळले. 1997 साली मेम्फिसचे केव्हिन फोली आणि मॉरिस स्मिथ यांनी एकात एक बसणाऱ्या नळ्यांनी स्नायू हळूहळू बाजूला सारून, शेवटच्या नळीतून दुर्बिणीने काम करण्याची पद्धत आणली. त्वचेतून स्क्रू घालण्याची कल्पना स्वित्झर्लंडच्या मागेर्ल यांची, 1977 सालची, पण त्यांच्या सळ्या शरीराबाहेर राहत. फोली यांनी 2001 च्या सुमारास सळ्या स्नायूंच्या खालून सरकवण्याची सोय केली. आणि ब्राझीलचे लुईझ पिमेंता यांनी पाठीची वाटच सोडून कुशीची वाट धरली. या वाटेत कमरेतला सोआस नावाचा जाड स्नायू आडवा येतो, आणि पायाकडे जाणाऱ्या नसांचे जाळे त्याच्यातूनच जाते. म्हणून आत जाताना सुईने विजेचा सूक्ष्म झटका देत नस कुठे आहे ते चाचपडत पुढे सरकावे लागते. या पद्धतीचे पहिले सविस्तर वर्णन 2006 साली प्रसिद्ध झाले.

अशा दोन परंपरा होत्या. एकीच्या डोळ्यांसमोर सबंध उभा माणूस, पण हातात अर्धा-पाऊण फूट लांबीचा छेद आणि लिटरभर रक्तस्राव. दुसरीच्या हातात बोटभर नळी, पण दृष्टीच्या टप्प्यात एक-दोन सांधे. दोघींची गाठ पडायला भाग पाडले ते वयाने. पुढे झुकलेला ताठर कणा मागे वळवण्याची सर्वांत प्रभावी खुली शस्त्रक्रिया म्हणजे एका मणक्यातून पाचरीच्या आकाराचे हाड कापून काढणे. डेन्मार्कच्या थॉमसेन यांनी 1985 साली तिचे वर्णन केले. एका मणक्यावर सुमारे 30 अंशांची सुधारणा मिळते, पण शरीराला ती फार जड जाते. 2011 साली जस्टिन स्मिथ आणि सहकाऱ्यांनी वाकड्या कण्यावर शस्त्रक्रिया झालेल्या 206 प्रौढ रुग्णांचा वयवार हिशेब दिला. कसली ना कसली गुंतागुंत झालेल्यांचे प्रमाण 25 ते 44 वर्षांच्या गटात 17 टक्के, 45 ते 64 मध्ये 42 टक्के आणि 65 ते 85 मध्ये 71 टक्के निघाले. याच अभ्यासाची दुसरी बाजू अशी की सर्वांत जास्त फायदाही सर्वांत वयस्कर गटालाच झाला. ज्याला शस्त्रक्रियेची सर्वाधिक गरज त्यालाच ती सर्वाधिक धोक्याची, असा हा पेच. छेद लहान करून धोका कमी करता आला तर हवाच होता. 2008 साली लॉस एंजेलिसच्या नील आनंद यांनी 12 रुग्णांवर कुशीतून ठोकळे आणि पाठीत त्वचेतून स्क्रू असा पूर्ण लहान छेदांचा प्रयोग प्रसिद्ध केला. रक्तस्राव कमी, समोरून बाक सुधारलेला. उत्साहाचे ते दिवस होते.

त्या उत्साहात हॅरिंग्टनच्या काळाची पुनरावृत्ती झाली, आणि अकोस्टांच्या निबंधाचे मोल इथे आहे. कारण यांत्रिक आहे आणि तंत्रज्ञान कितीही नवे असले तरी ते टळत नाही. कुशीतून घातलेला ठोकळा मणक्याच्या डाव्या काठापासून उजव्या काठापर्यंत टेकतो, म्हणून खचलेली बाजू उचलली जाते आणि समोरून दिसणारा कल सुधारतो. आतला बाक मिळवायचा तर मणक्यांची पुढची बाजू उघडायला हवी आणि मागची मिटायला हवी. पुढच्या बाजूला मणक्यांना बांधून ठेवणारा जाड पट्टा शाबूत, मागचे सांधे झिजेने जाम झालेले. मधे ठोकळा बसवून तिथे कोन तयार होत नाही, फक्त उंची वाढते. त्वचेतून सरकवलेल्या सळीला हवा तेवढा बाक देऊन ती पुढे ढकलणे आणि मग स्क्रू एकमेकांकडे दाबून धरणे हेही अवघड. शिवाय सर्वांत खालच्या सांध्यापर्यंत कुशीतून पोहोचता येत नाही, वाटेत कमरेचे हाड येते. आणि आतला बाक तर सर्वाधिक तिथेच हवा असतो! हे सारे हाडांच्या रचनेत आधीपासून लिहिलेले होते. ते दिसले मात्र बाजूच्या एक्स-रेवर ओळंबा आणि कोन मोजायची सवय लागल्यावर. 2014 साली आनंद यांच्याच गटाने स्वतःच्या सात वर्षांच्या रुग्णांची पाहणी करून पूर्ण लहान छेदाच्या पद्धतीला सुधारणेची कमाल मर्यादा आहे असे लिहिले. त्याच वर्षी प्रवीण मुम्मनेनी आणि सहकाऱ्यांनी कोणाला लहान छेद चालेल हे ठरवणारी तीन वर्गांची पायरीवजा आखणी प्रसिद्ध केली. ओटीपोटाचा कोन आणि कमरेचा बाक यांत 30 अंशांहून मोठी तफावत असलेला रुग्ण तिसऱ्या वर्गात, आणि तिसऱ्या वर्गाचे उत्तर खुली शस्त्रक्रिया.

यावर पहिला आक्षेप उघड आहे. मोजमापाचे एवढे कौतुक कशाला, नळी, स्क्रू, शस्त्रक्रिया चालू असताना एक्स-रे दाखवणारे सी-आर्म यंत्र, नसा ओळखणारी यंत्रे आणि त्यांत पैसा ओतणाऱ्या कंपन्या नसत्या तर मोजून काय केले असते? आक्षेपात तथ्य आहे, आणि कंपन्यांचा हात तर या इतिहासात पानोपानी दिसतो. मणक्यात घालायच्या स्क्रूवरून नव्वदच्या दशकात अमेरिकेत हजारो दावे उभे राहिले, आणि तिथल्या औषध नियंत्रण संस्थेने त्या स्क्रूंचे नीट वर्गीकरण केले ते 1998 साली, म्हणजे ते सर्रास वापरात आल्यावर. लहान छेदातून हाडाचा कीस घालायला पुरेशी जागा मिळत नाही, म्हणून हाड जुळवणारे एक कृत्रिम प्रथिन लोकप्रिय झाले. 2002 साली त्याला एका मर्यादित उपयोगासाठी परवानगी मिळाली होती, वापर कितीतरी पसरला, आणि 2011 साली युजीन कॅरागी यांनी मूळ अहवालांत दुष्परिणाम फार कमी दाखवले गेल्याचे उघड केले. पण साधनांनीच प्रगती झाली असे मानायचे तर 2006 ते 2011 या काळाचा अर्थ लागत नाही. साधने तेव्हा सगळी हाताशी होती. निकाल मात्र बाजूच्या एक्स-रेवर सपाट येत होते. पुढे जे बदलले, म्हणजे जास्त कोन असलेले ठोकळे, गरजेप्रमाणे पुढचा पट्टा कापणे, खालच्या सांध्यासाठी पोटातून वेगळी वाट काढणे, ते सगळे किती अंश कमी पडतात हे मोजल्यानंतर बदलले. यंत्राने काय करायचे ते मापाने सांगितले, हा क्रम तारखांतूनच दिसतो.

दुसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो. माप म्हणजे आजार नव्हे. 2005 साली श्वाब यांनीच साठीपुढच्या 75 निरोगी स्वयंसेवकांची तपासणी केली तेव्हा 68 टक्क्यांच्या कण्यात 10 अंशांहून मोठा बाक आढळला होता, आणि ती माणसे आपापली कामे करत होती. 1994 साली मॉरीन जेन्सन यांनी पाठदुखी नसलेल्या 98 जणांचे एमआरआय काढले, तर निम्म्याहून अधिक जणांची किमान एक गादी फुगलेली निघाली. मग कोन मोजत बसल्याने म्हातारपणालाच रोग ठरवून त्यावर स्क्रू मारण्याची घाई होणार नाही का? होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. श्वाब यांचे आकडे काही वर्षे नियमासारखे पाळले गेले आणि सत्तरीच्या माणसाला पस्तिशीचा कणा देण्याच्या नादात जोडलेल्या भागाच्या वरचाच मणका पुढे कोसळू लागला. पण ही चूक सुधारली तीही मोजूनच. 2016 साली रेनो आणि व्हिर्जिनी लाफाज यांच्या गटाने वयानुसार वेगळी उद्दिष्टे मांडली. वय जितके जास्त तितका पुढचा झोक सोसायला हरकत नाही. शिवाय ओळंबा आणि कॉबचा कोन यांत फरक आहे. पहिल्याचा माणसाच्या हालांशी संबंध दाखवता आला, दुसऱ्याचा तितका नाही. माप नको हे उत्तर नव्हे. कोणते माप माणसाच्या जगण्याला भिडते हे शोधणे, एवढेच या आक्षेपातून निघते. कमरेत एका बाजूला वाकलेल्या कण्यावर शस्त्रक्रिया करावी की नाही यावर अमेरिका-कॅनडात झालेल्या मोठ्या पाहणीत 63 जणांना चिठ्ठी टाकल्यासारखे दोन गटांत विभागले होते. शस्त्रक्रियेविना राहायचे ठरलेल्यांपैकी 64 टक्क्यांनी दोन वर्षांत स्वतःहून शस्त्रक्रिया करून घेतली, त्यामुळे मूळ गटांच्या तुलनेत काही सिद्धच होईना. 2019 साली हे प्रसिद्ध झाले. माणसाच्या वेदनेला संशोधनाचा आराखडा पाळायला सांगता येत नाही.

तिसरा आक्षेप लहान छेदाच्याच बाजूने येतो: कोन थोडा कमी सुधारला तर बिघडले कुठे, रक्त कमी गेले, जखम लवकर भरली, म्हातारा माणूस तिसऱ्या दिवशी चालू लागला, हे पुरेसे नाही का? काहींना पुरेसे आहे, हे मान्य करायला हवे. नस दबून पाय बधिर होणे हाच मुख्य त्रास असलेल्या, तोल फारसा न ढळलेल्या ऐंशीच्या माणसाला ओळंब्याच्या नावाखाली दहा तासांच्या शस्त्रक्रियेत ढकलणे हा क्रूरपणा आहे. मुम्मनेनींच्या आखणीतला पहिला वर्ग त्याच्यासाठीच आहे: नुसती नस मोकळी करा, फार तर एक सांधा जोडा. पण तोल ढळलेल्या माणसाला कमी सुधारणा पदरात टाकली तर त्याची किंमत तो पुढे दुसऱ्या शस्त्रक्रियेने चुकवतो, आणि जोडलेला कणा पुन्हा उघडणे पहिल्यापेक्षा जिकिरीचे असते. दोन पद्धतींची तुलना करणारे बहुतेक अभ्यास मागे वळून पाहिलेल्या नोंदींवर आधारलेले आहेत, आणि त्यांत लहान छेदाला आधीच सौम्य आजाराचे रुग्ण मिळालेले असतात. लहान छेदाची एक किंमत तर रुग्ण मोजतच नाही, डॉक्टर मोजतो. डोळ्यांनी न दिसणाऱ्या हाडात स्क्रू घालायचा तर सी-आर्मच्या किरणांखाली पाहावे लागते. राजा रामपरसाद यांनी 2000 साली केलेल्या मोजणीत अशा पद्धतीने मणक्यात स्क्रू घालणाऱ्या सर्जनवर पडणारे किरण हाडांच्या इतर शस्त्रक्रियांच्या 10 ते 12 पट निघाले. दिशादर्शक संगणक आणि यंत्रमानव आले ते काही अंशी याच ओझ्यामुळे.

आपल्याकडे पाहायचे तर मुंबई-गोव्याचा या इतिहासाशी असलेला धागा लहान छेदाचा नाही, जोडणीचा आहे. मूळचे गोव्याचे डॉ. प्रेमानंद रामाणी यांनी मुंबईच्या शीव रुग्णालयातून, पाठीमागून दोन मणक्यांमध्ये शिरून जोडणी करण्याची पद्धत भारतात रुजवली. तिचा उगम होनोलुलूच्या राल्फ क्लोवर्ड यांच्यात, चाळीसच्या दशकात. गादीच्या जागी आधार देऊन पुढची उंची टिकवणे हा तिचा गाभा होता, आणि कमरेचा आतला बाक राखण्याच्या आजच्या विचाराशी तो जवळचा आहे. आज महाराष्ट्रातल्या मोठ्या शहरांत नळी, दुर्बीण, त्वचेतून स्क्रू हे सगळे उपलब्ध आहे आणि त्याचे दर लाखांत आहेत. त्या मानाने उभ्याने काढायचा लांब एक्स-रे स्वस्त. जॉर्जेस शार्पाक यांना 1992 साली ज्या कणशोधकांसाठी नोबेल मिळाले त्यांच्यावर आधारलेले, अगदी कमी किरणांत सबंध उभ्या माणसाचे समोरून आणि बाजूने एकाच वेळी चित्र काढणारे यंत्र महाग आहे खरे. पण त्याच्याविना साध्या एक्स-रेचे तुकडे जोडूनही काम भागते. रुग्णाने फाइलीत एमआरआयबरोबर हा एक्स-रे आहे का एवढे विचारले, तरी आपल्याला सुचवलेल्या छेदाची लांबी कशावरून ठरली ते त्याला कळेल.

2019 साली मुम्मनेनी आणि सहकाऱ्यांनी आपली आखणी सुधारली आणि तिचे चार वर्ग केले. जे रुग्ण पूर्वी थेट खुल्या शस्त्रक्रियेकडे जात त्यांतल्या काहींसाठी आता मधला मार्ग आहे: कुशीतून आत जाऊन मणक्यांच्या पुढचा जाड पट्टा मुद्दाम कापायचा, 20 ते 30 अंशांचा कोन असलेला ठोकळा तिथे बसवायचा, आणि गरज पडेल तेवढीच पाठ उघडायची. ज्या कोनासाठी पूर्वी मणक्यातून पाचर कापावी लागे त्याच्या बऱ्याच जवळ यातून पोहोचता येते. कापायचा पट्टा आणि शरीरातल्या सर्वांत मोठ्या दोन रक्तवाहिन्या यांच्यात जेमतेम काही मिलिमीटरचे अंतर असते, आणि कुशीतल्या लहान छेदातून त्यांतल्या एखाद्या वाहिनीला इजा झाली तर ती शिवायला वेळ आणि जागा दोन्ही अपुरी पडतात. चौथ्या वर्गातल्यांसाठी, म्हणजे ताठर, अनेक सांधे जोडावे लागणाऱ्या किंवा आधीच्या स्क्रू-सळ्यांत अडकलेल्या कण्यांसाठी, उत्तर अजूनही खुली पाठ हेच आहे.